रिॲक्टरमधला राक्षस

देसाई साहेबांनी चौदा उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर ठेवल्या. ठेवल्या म्हणजे जवळजवळ टाकल्याच.

"राऊत मॅडम, बघा तुमच्या ट्रेनिंगचा रिझल्ट."

मी चाळल्या. चौदापैकी बारा कोऱ्या. वर नाव, टोकन नंबर, खाली काही नाही. एकाने फ्लोचार्टच्या जागी पट्टीने छान चौकोन आखले होते. सगळे रिकामे.

"सोळा दिवसांनी नवा रिॲक्टर चालू करायचाय," साहेब म्हणाले. "हेड ऑफिसची माणसं येणार आहेत. ही माणसं पास झाली नाहीत, तर मी डिप्लोमावाली मुलं आणतो. यांना पॅकिंगला पाठवतो. माझा इलाज नाही."

ते गेले. मी त्या रिकाम्या चौकोनांकडे बघत बसले. या माणसांनाच नव्या रिॲक्टरवर घ्या, मी त्यांना तयार करते, असं भर मीटिंगमध्ये मीच बोलून बसले होते.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. इन्स्ट्रुमेंट म्हणजे वाद्य नव्हे, तापमान आणि दाब मोजणारी उपकरणं, हे मला माहेरी बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागे. देसाई आमचे वर्क्स मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावर वरून दाब होता, तो ते खाली पाठवत.

रिॲक्टर म्हणजे काय ते आधी सांगते. झाकण लावलेलं एक प्रचंड पातेलं. आत एक रसायन भरलेलं असतं, त्यात वरून हळूहळू ॲसिड सोडायचं. दोघांची गाठ पडली की उष्णता निघते. ती काढून घ्यायला पातेल्याभोवती आणखी एक कवच असतं. त्याला जॅकेट म्हणतात. त्यातून थंड पाणी फिरतं. सगळी मेख वेगात आहे. ॲसिड हळू आणि पाणी चालू, तर सगळं सुरळीत. ॲसिड भसकन पडलं किंवा पाणी थांबलं, तर पातेलं तापतं. तापलं की रिॲक्शन जोर धरते, जोर धरला की आणखी तापतं. मग तिथल्या माणसांना पळायलाही वेळ मिळेलच असं नाही.

जुना रिॲक्टर हाताने चालायचा. एकजण थर्मामीटरवर डोळा ठेवायचा, दुसरा व्हॉल्व्हचं चाक फिरवायचा. नव्या रिॲक्टरला पीएलसी होता. पीएलसी म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. कपाटात बसवलेला असतो आणि त्यात लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे व्हॉल्व्ह उघडतो, बंद करतो. ऑपरेटरने समोरच्या पॅनलवरचे दिवे बघायचे. सोपं वाटतं. पण प्रोग्रॅम आत काय करतोय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला प्रोग्रॅम चुकतोय हेही कळणार नाही. माझी भीती ती होती.

दोन आठवडे मी त्यांना मॅन्युअलमधून शिकवलं होतं. मॅन्युअल इंग्रजीत. मी फळ्यावर चौकोन आणि बाण काढायचे. "इफ", "देन", "लूप". सगळे शांत बसून ऐकायचे. त्या शांततेला मी समज समजले होते.

उत्तरपत्रिका आल्या त्या दुपारी मी कॅन्टीनमध्ये ऑपरेटरांच्या टेबलावर जाऊन बसले. माझ्यासमोर पांडुरंग तांडेल होते. दातिवऱ्याचे. पंचेचाळिशीचे, भारदस्त आवाजाचे. होडी भावाकडे देऊन कंपनीत लागलेले. जुन्या रिॲक्टरचं चाक वीतभर फिरवलं की तापमान किती उतरेल हे ते न बघता सांगत.

"तांडेलकाका, पेपर कोरा का दिला?"

त्यांनी डबा बंद केला. "मॅडम, खरं सांगू? ती चौकोनं नि ते बाण आमाला नाय कळत. आमाला भ्याव वाटतो. चाक असलं तर आमी हातानं बंद करू. ह्यो पेटीतला माणूस दिसत नाय, बोलत नाय. त्याचा काय भरोसा?"

शेजारी जानू वरठा बसले होते. डोंगराकडच्या एका पाड्यावरचे, पावसाची शेती करून उरलेलं वर्ष कंपनीत काढणारे, आता दहा वर्षं कायम झालेले. चाळिशी ओलांडलेला, अगदी कमी बोलणारा माणूस. कंट्रोल रूममध्ये शिरले की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. चुकून बटणाला हात लागू नये म्हणून.

"जानूभाऊ, तुम्ही?"

"मी परत पॅकिंगला जाईन," ते म्हणाले. एवढंच.

सरावलीत राहणारे मिश्राजी मध्येच हसले. "मॅडम, तांडेलभाऊ को पेपर मत दो, नाटक दो. पूरा नाटक मुँहजबानी याद रहता है. हिरोईन का गाना भी."

तांडेल लाजले. शिमग्याला त्यांच्या गावात संगीत नाटक व्हायचं. ते त्यात काम करत. दोन महिने तालमी चालत.

"सगळ्यांचे संवाद पाठ?" मी विचारलं.

"करावंच लागतं. दुसऱ्याचं वाक्य संपल्याबिगर आपून तोंड कसं उघडणार? राजा म्हणाला 'कोण आहे तिकडे', का आपून आत जायचं. नाय म्हणाला तर इंगेतच उभं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. राजा म्हणाला तर आत जायचं, नाही म्हणाला तर विंगेत थांबायचं. हाच माझा "इफ" आणि "देन". दोन आठवडे मी बाण काढत होते, आणि हा माणूस वीस वर्षं तेच करत होता.

त्या दिवशी बोईसरहून पालघरला जाणाऱ्या एसटीत बसल्या बसल्या मी एका जुन्या लॉगशीटच्या मागे लिहायला घेतलं. माझे वडील पालघरजवळच्या माहीमच्या हौशी मंडळींच्या नाटकात पेटी वाजवायचे. पालुपद कसं येतं, गायक फिरून कसा तिथे येतो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. उतरायच्या वेळेपर्यंत माझं नाटक उभं राहिलं होतं.

आटपाट नगर होतं. तिथे एका मोठ्या हंड्यात एक राक्षस झोपलेला. तो रागावला तर नगर जळून खाक. उपाशी ठेवला तरी रागावतो, आणि भराभर चारलं तर जास्तच रागावतो. म्हणून राजाने व्यवस्था लावून दिलेली. आचाऱ्याने एकेक घास द्यायचा. राणीने पंख्याने वारा घालायचा. दूताने हंड्याला कान लावून राक्षसाचा पारा किती चढला ते ओरडून सांगायचं. आणि सूत्रधाराने पोथी वाचायची. पोथीत असेल तेच करायचं, त्यापुढे काही नाही. त्याच्या हातात एक पाटी. आत्ता कितवा प्रवेश चालू आहे, तेवढंच तो पाटीवर लिहितो.

आचारी म्हणजे ॲसिडचा व्हॉल्व्ह. राणी म्हणजे थंड पाणी. दूत म्हणजे थर्मामीटर. सूत्रधार म्हणजे प्रोग्रॅम. पाटी म्हणजे पीएलसीची मेमरी. आणि राजवाड्याची घंटा म्हणजे इमर्जन्सी. घंटा वाजली की कुणी कुठलंही पद गात असो, तोंड बंद. आचाऱ्याने हात आवरायचा, राणीने दुप्पट वारा घालायचा.

लूप, म्हणजे तेच तेच फिरून करणं, सांगायला पालुपद होतं:

घाल घास, घाल वारा,
सांग किती चढला पारा?
साठाखाली असला तर
पुन्हा या पालुपदावर!

साठ म्हणजे साठ अंश. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, पहिली पाळी सुटल्यावर, रिकाम्या ड्रमच्या शेडमध्ये मी सगळ्यांना गोळा केलं आणि हे वाचून दाखवलं. मला वाटलं होतं हसतील. कुणी हसलं नाही. तांडेलांनी एकदा गुणगुणून बघितलं आणि म्हणाले, "चाल बरी हाय, पर वल्हवायला बसत नाय." त्यांनी ती बदलली. होडी ओढतानाचा ठेका धरला, आणि चौदा माणसांनी ड्रमवर ताल दिला. माझी चाल मी मुकाट्याने सोडून दिली.

तांडेल सूत्रधार झाले. मिश्राजी राक्षस, कारण त्यांना गुरगुरता येई. जानू वरठा आचारी. त्यांच्या हातात कॅन्टीनची मोठी पळी दिली. रोज भूमिका बदलायच्या असं ठरलं होतं, पण जानूभाऊंनी पळी सोडली नाही.

चौथ्या दिवशी देसाई साहेब शेडच्या दारात येऊन उभे राहिले. आत मिश्राजी एका ड्रममध्ये बसून गुरगुरत होते आणि राणी झालेला बेटेगावचा ऑपरेटर पुठ्ठ्याने वारा घालत होता.

साहेबांनी मला बाहेर बोलावलं. "मी ट्रेनिंगला दिवस दिलेत. गॅदरिंगला नाही."

"सर, हेच ट्रेनिंग आहे."

"हेड ऑफिसला मी काय सांगू? ऑपरेटर राक्षसाचं सोंग घेतायत?"

"सर, एकाला विचारून बघा."

त्यांनी आत बघून एकाकडे बोट केलं. तोच तो, रिकामे चौकोन काढणारा. "टेंपरेचर साठच्या वर गेलं तर प्रोग्रॅम काय करतो?"

तो घाबरून उभा राहिला. मग त्याने डोळे मिटले. ओठ हलले. मनात पद म्हणत असावा. "पालुपद सोडतो, सायब. आचाऱ्याचा हात बंद. म्हंजे ॲसिडचा व्हॉल्व बंद. जॅकेटचं पाणी फुल. पारा उतरला का मंग परत पालुपद."

"आणखी चार दिवस," साहेब म्हणाले आणि गेले.

खरा प्रसंग पुढेच आहे.

सहाव्या दिवशी तालीम ऐन रंगात होती. पालुपद आठ-नऊ वेळा फिरून झालं होतं. तेवढ्यात शेडमधला दिवा आणि पंखा बंद झाले. लाइट गेली. आमच्याकडे ही रोजचीच गोष्ट. पण मी त्यांना शिकवून ठेवलं होतं की लाइट गेली की पाटी पुसली जाते. तांडेलांनी इमानदारीने धोतराच्या सोग्याने पुसावी तशी शर्टाच्या टोकाने पाटी पुसली. सगळे जागच्या जागी थांबले. दोन मिनिटांनी लाइट आली. तांडेलांनी पाटी बघितली. कोरी. मग त्यांनी मी शिकवल्याप्रमाणे केलं. पाटीवर 'प्रवेश पहिला' लिहिलं आणि खड्या आवाजात नांदी सुरू केली.

सगळे हसले. जानू वरठा हसले नाहीत. ते पळी धरून उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, "मी काय करू?"

"का? काय झालं?"

"पहिल्या प्रवेशात मी मोटा घास देतो. राक्षस उपाशी असतो, गार असतो, म्हणून एकदम मोटा. दूताला विचारत बी नाय." त्यांनी ड्रमकडे पळीने दाखवलं. "पर आता त्याच्या पोटात अर्धा डबा गेलेला हाय. तो तापलेला हाय. तरी परत मोटा घास देऊ का?"

मी सवयीने "हो, पोथीत असेल तसंच" म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले.

प्रोग्रॅमच्या पहिल्या स्टेपमध्ये खरंच मोठा घास होता. पातेलं थंड असताना सुरुवातीला पन्नास लिटर ॲसिड एकदम सोडायचं, तापमान न विचारता. कारण थंड पातेल्यात त्याने काही होत नाही. आणि लाइट येताच प्रोग्रॅम पहिल्या स्टेपपासून सुरू होतो, हे वाक्य मी मॅन्युअलमध्ये दहा वेळा वाचलं होतं. मीच त्यांना शिकवलं होतं. दोन्ही वाक्यं मला पाठ होती. ती एकमेकांशेजारी ठेवून मी कधी बघितली नव्हती.

अर्धी बॅच, म्हणजे अर्धा घाणा, झालेली. पातेलं साठ अंशांवर. लाइट जाऊन येते. प्रोग्रॅमला वाटतं, नवा दिवस आहे, पातेलं गार आहे. पन्नास लिटर ॲसिड. घंटा वाजेल, पण ती वाजेपर्यंत ॲसिड आत गेलेलं असेल. ते परत काढता येत नाही.

मी तालीम थांबवली. ऑफिसात जाऊन मी प्रोग्रॅमचा प्रिंटआउट उघडला. तो आमचा नव्हता, पीएलसी बसवणाऱ्या कंपनीचा होता. मला तो सगळा वाचता येत होता असं मी म्हणणार नाही. जेवढा कळला त्यावरून जानूभाऊंचं बरोबर वाटत होतं. पण 'वाटतं' या शब्दावर कारखाना थांबवता येत नाही.

मुंबईला फोन लागायला पाऊण तास गेला. तिकडचा इंजिनिअर कामत हुशार आणि सभ्य मुलगा होता.

"मॅडम, ही सिच्युएशन येणारच नाही. पीएलसीला यूपीएस आहे." यूपीएस म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ वीज पुरवणारी बॅटरी.

"यूपीएस बंद पडला तर?"

"तसं व्हायचे चान्सेस फार कमी. आणि मॅडम, हा प्रश्न कुणी काढला?"

"आमच्या एका ऑपरेटरने."

पलीकडे तो हसला नाही, पण त्याने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

देसाई साहेबांकडे गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर हेड ऑफिसच्या पाहुण्यांच्या जेवणाची यादी होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"नाटकातल्या आचाऱ्याला शंका आली, म्हणून मी स्टार्टअप थांबवू?"

"थांबवू नका, सर. पाण्यावर चाचणी घेऊ. ॲसिडच्या टाकीत पाणी, रिॲक्टरमध्ये पाणी. अर्ध्यात पीएलसीची वीज तोडू आणि परत देऊ. एक तास लागेल."

"आणि काही झालं नाही तर?"

काही झालं नाही, तर नाटक बंद, माझा शब्द संपला आणि चौदा माणसं पॅकिंगला, हे दोघांनाही ठाऊक होतं. "तर तुम्ही म्हणाल ते," मी म्हटलं.

"एक तास," ते म्हणाले. "कामतला बोलवा. त्याच्यासमोर."

मधले दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मी तो प्रिंटआउट परत परत वाचत होते. एकदा वाटे जानूभाऊ बरोबर आहेत. एकदा वाटे मी कुठेतरी ओळ चुकतेय. गंमत म्हणजे माझी इच्छाही धड ठरत नव्हती. चूक निघाली तर माझी लाज राहणार होती. पण चूक निघाली म्हणजे ती इतके दिवस तिथे होती, आणि आम्ही त्यावर सही करायला निघालो होतो.

चाचणीच्या सकाळी कामत ब्रीफकेस घेऊन आला. कंट्रोल रूममध्ये देसाई साहेब, तो आणि मी. पॅनलसमोर तांडेल. जानू वरठांना मी वर प्लॅटफॉर्मवर पाठवलं. तिथे ॲसिडच्या पाइपात काचेचा एक तुकडा बसवलेला असतो. आतून काय वाहतंय ते त्यातून दिसतं. कंट्रोल रूमची खिडकी उघडी ठेवली, म्हणजे त्यांचा आवाज ऐकू येईल.

पाण्याची बॅच सुरू झाली. पहिल्या स्टेपला जानूभाऊ वरून ओरडले, "मोटा घास!" कामतने माझ्याकडे बघितलं. मी नजर दिव्यांवरच ठेवली. स्टेप दोन. स्टेप तीन. मग पालुपद सुरू झालं. व्हॉल्व्ह थोडा उघडायचा, बंद व्हायचा, परत उघडायचा. तांडेलांचे ओठ हलत होते.

वीस मिनिटांनी मी म्हटलं, "कामत, तोडा."

त्याने यूपीएसकडून येणाऱ्या विजेचा स्विच खाली ओढला. पॅनल काळं झालं. ॲसिडचा व्हॉल्व्ह बंद झाल्याचा फुस्स आवाज आला. इथवर सगळं ठीक होतं. वीज गेली की ॲसिडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, तशीच रचना असते. देसाई साहेबांनी घड्याळ बघितलं. दहा सेकंद. मला ती फार लांब वाटली.

"द्या."

दिवे उजळले. सगळे एकदम लागले, मग विझले. मग एकच दिवा राहिला. स्टेप एक.

वर खटकन आवाज आला.

"आला!" जानूभाऊ ओरडले. "मॅडम, मोटा घास आला! भरून चाललाय पाइप!"

कामत पॅनलकडे धावला. बॅच थांबवायचं बटण दाबलं. तेवढ्यात वरून दुसरा आवाज आला. लोखंडावर लोखंड घासल्याचा. कुणी काही सांगायच्या आधीच जानू वरठांनी पाइपावरचा हाताचा व्हॉल्व्ह फिरवून घट्ट बंद केला होता. बटण दाबायच्या आधी की नंतर, हे मला आजही सांगता येणार नाही.

देसाई साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं, "ॲसिड असतं तर?"

कामतचा चेहरा उतरला होता. त्याने ब्रीफकेस उघडून प्रोग्रॅमचा प्रिंटआउट बाहेर काढला.

तो प्रामाणिक होता. त्याने संध्याकाळपर्यंत बसून चूक शोधून काढली. स्टेपचा नंबर पीएलसीच्या साध्या मेमरीत ठेवला होता, वीज गेली की पुसला जाणाऱ्या. तो बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत ठेवायला हवा होता. तांडेलांना समजावताना तो फ्लोचार्ट काढायला लागला. त्यांनी त्याला थांबवलं. "पाटीवर नाय, दगडावर कोरायचं. असंच ना?"

"असंच," कामत म्हणाला.

मग त्याने जानूभाऊंना विचारलं, "वीज परत आल्यावर प्रोग्रॅमने काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

जानूभाऊंनी बराच विचार केला. हात तेव्हाही पाठीमागेच होते. "काय करू नये," ते म्हणाले. "पंखा चालू करावा, नि गप ऱ्हावं. आमाला इचारावं. आमी बघून सांगू."

प्रोग्रॅम तसा बदलला. वीज आल्यावर फक्त थंड पाणी चालू होतं, बाकी सगळं थांबून राहतं आणि पॅनलवर एक पिवळा दिवा लुकलुकतो. ऑपरेटरने तापमान आणि पाणी बघून बटण दाबलं, तरच पुढे. या बदलाला दहा दिवस लागले. परत पाण्यावर चाचण्या झाल्या. स्टार्टअप नऊ दिवस पुढे गेला. हेड ऑफिसच्या पाहुण्यांचं जेवण रद्द झालं.

परीक्षा मी तोंडी घेतली. देसाई साहेब बाजूला बसले होते. तेरा जण पास झाले. चौदावे तांडेल. त्यांना सगळं येत होतं, पण पॅनलसमोर त्यांनी बसायला नकार दिला.

"मी जुन्यावरच बरा, मॅडम. सूत्रधाराचं काम येगळं. ह्या पेटीपुढं माझा हात थरथरतो." मी दोनदा सांगून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही. जुना रिॲक्टर आणखी चार वर्षं चालला, तोवर ते त्यावर होते.

दीड महिन्याने एका संध्याकाळी दुसऱ्या पाळीत लाइट गेली. त्याच वेळी यूपीएसनेही दगा दिला. बॅटऱ्यांच्या टोकांना खाऱ्या हवेने गंज चढला होता. बॅच अर्ध्यावर होती, पातेल्यात खरं ॲसिड होतं आणि पॅनलसमोर जानू वरठा होते. मी तेव्हा घरी निघालेल्या एसटीत होते. मला दुसऱ्या दिवशी लॉगबुकात वाचायला मिळालं. त्यांचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. 'लाइट गेली. आली. पिवळा दिवा. पानी बगितला, पारा बगितला ५८. ५० होईतो थांबलो. मग दाबला. बॅच चांगला.'

ते पान मी तीन वेळा वाचलं आणि मग खुर्चीत नीट टेकून बसले. कित्येक आठवड्यांनी.

त्या महिन्याच्या रिपोर्टात देसाई साहेबांनी लिहिलं, 'ऑपरेटर ट्रेनिंग: समाधानकारक.' पीएलसीवाल्या कंपनीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, 'ग्राहकाच्या विनंतीवरून किरकोळ सुधारणा.' जानू वरठांचं नाव दोन्हीकडे नव्हतं. ट्रेनिंगच्या फाइलमध्ये मी ते घातलं, एवढंच माझ्या हातात होतं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी बऱ्याच कारखान्यांत बरीच पॅनलं तपासली. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच विचारला: लाइट जाऊन परत आली, तर हे काय करेल? "लाइट जाणारच नाही" असं उत्तर आलं, तिथे मी सही केली नाही.